वेळ मारून नेणारे

त्रिएस्तेत बोरा सुटला की आम्ही घड्याळं उघडत नाही.
हा वारा खिडकीच्या फटीतून आत हात घालतो,
आणि केसाहून बारीक स्प्रिंग
एकदा का टेबलावरून उडाली
की ती समुद्राच्या मालकीची.

त्या गुरुवारी मात्र उघडलं.

लिव्हिओच्या स्वयंपाकघरात, मेणकापडावर
चिमटे, बोटांच्या टोकांना घालायच्या रबरी टोप्या,
धूळ टिपायचा हिरवा गोळा, मळून करडा झालेला.
लिव्हिओनं बंदरात एकतीस वर्षं क्रेन चालवली.
चाळीस टनांचा कंटेनर अलगद ठेवणारा हात
आता तांदळाच्या कणीएवढा स्क्रू शोधतो, शिव्या देत.
ओंदिना कवळ्या बनवते.
नकलेची तिला लाज नाही.
'लोक माझ्या दातांनी हसतात,' म्हणते,
'हसू कुठं खोटं असतं?'
मी भूगोल शिकवायचो. मी फक्त भिंग धरतो
आणि चुका काढतो.

ग्वांगझूहून डबी येते, वर लिहिलेलं : भेटवस्तू.
आत मुकुटवालं घड्याळ, नाव सोनूबाई.
मुकुटाची बोटं जाड. काच निळसर.
तारखेच्या चक्रावरचा चार बंद,
अस्सलात तो वरून उघडा असतो, किंचित,
चोच वासलेल्या पिल्लासारखा.
त्या एका चारासाठी आम्ही चार महिने भांडलोय,
हाँगकाँगहून चक्र मागवलंय, ते पिवळट निघालं,
पुन्हा मागवलंय.
कुणाला फसवायचं नाही.
बाहेर पडताना तिघंही प्लास्टिकची घालतो.
खोटं कुठवर खरं होत जातं
आणि नेमकं कुठं अडतं,
तेवढंच बघायचं असतं.

तर त्या गुरुवारी वरच्या मजल्यावरची मार्चेल्ला आली,
रुमालात नवऱ्याचं घड्याळ.
एर्व्हिनोनं म्हणे दोन वर्षं जादा पाळ्या करून घेतलेलं.
'विकलं तर काय येईल?'

लिव्हिओनं मागचं झाकण फिरवलं.
झाकणाच्या आत, दिव्याखाली,
सुईनं कोरलेला एक ल, आणि साल २००९.
ते अक्षर मी ओळखलं. ओंदिनानंही.
एकशे ऐंशी युरो आणि वाइनचा एक बुधला,
एर्व्हिनो त्या दिवशी केवढा खूश होता.

लिव्हिओ खाकरला. भिंग पुसलं. पुन्हा पुसलं.
वेळ मारून नेणं म्हणजे काय
ते मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.
'विकू नका,' शेवटी म्हणाला,
'असं दुसरं मिळायचं नाही.'

आणि ते खरंच होतं.

मार्चेल्ला खुर्चीत बसली, कुणी बस न म्हणता.
'बारकोलाला पोहायला जायचा ना,' म्हणाली,
'तेव्हा हे काढून माझ्या चपलेत ठेवायचा.
पाणबुड्यांचं घड्याळ, आणि पाण्याला भ्यायचं.
पहिल्याच उन्हाळ्यात कळलं मला.'
'मग बोलली नाहीस?' ओंदिना.
'काय बोलू? इतक्या वेळा
मनगट वर करून वेळ सांगायचा.
कुणी विचारलेली नसताना.'

खिडकी थडथडत होती.
'किंमत राहू द्या. बंद पडलंय, चालू होईल का?'

तेल सुकलेलं होतं, बाकी काही नाही.
ओंदिनानं श्वास रोखून स्प्रिंग उचलली,
मी दोन्ही तळव्यांनी वारा अडवला,
लिव्हिओनं बाहेर न सांडता थेंब ठेवला.
चक्र एकदा थरथरलं, मग धावू लागलं.

त्यातला चार बंद होता. आमच्या अडाणी दिवसांतला.
'नवं चक्र पडलंय माझ्याकडे,' मी म्हणालो.
लिव्हिओनं नुसती मान हलवली.
त्या दिवशी तारीख एकोणीस होती.
तारीख लावताना आम्ही चारपाशी थांबलो,
तिघांनी वाकून पाहिला,
आणि पुढे गेलो.